सातारकरांनी केलेली साताऱ्याची टूर

साताऱ्यात राहून साताऱ्याचीच टूर बुक करायची म्हणजे जरा लाजच वाटत होती, पण मामा (माझे सासरे) वर्षभर मागे लागलेले, मला कुठंतरी न्या, आणि ह्यांना सुट्टी कधी मिळत नाही. शेवटी एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे तीन सीट घेतल्या, मी, मामा आणि धाकटा. साडेसातची बस सव्वाआठला हलली, हे धरूनच चालायचं.

पहिलं संगम माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, थोरल्या शाहू महाराजांची समाधी (ते गेले 1749 ला) आणि त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही. खंड्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं अशी गोष्ट सांगतात, त्यामुळं आमचं कार्टं तिथनं हलायलाच तयार नाही.

मग लिंबची बारा मोटांची विहीर. वीरूबाई भोसले यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून घेतलेली, वरनं बघितली तर शिवलिंगाच्या आकाराची, आतच छोटासा महाल. गाइडनं माइकवर एकशे दहा फूट खोल, पन्नास फूट रुंद वगैरे सगळं घडाघडा सांगितलं आणि वर म्हणाला, "चला, वीस मिनिटं, फोटो काढून घ्या." वीस मिनिटं! नंतर जेवणाला दीड तास दिला, त्याला काय म्हणायचं?

एका पोरीनं विचारलं मोट म्हणजे काय, तर गाइड म्हणाला "चामड्याची मोठी बादली." झालं, मामा पेटले. "बादली न्हवं बाळा, तिला सोंड असती." मग काठावर उभं राहून पंचाच हातात धरून दाखवायला लागले. नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, वरच्या चाकावरनं जातो, सोल, म्हणजे सोंडेला बांधलेली बारीक दोरी, खालच्या रूळावरनं, बैल धावेवरनं (विहिरीपासनं उताराची वाट) उतरणीला चालले की मोट वर येती, आणि मोट काठाशी आली की सोल ओढली जाऊन सोंड आपोआप थारोळ्यात (काठावरच्या कुंडात) सुटती, कुणी हात लावायला नको, तिथनं पाणी पाटाला. मग बैल मागं मागं सरत चढाला, मोट परत खाली. मामा लहानपणी स्वतः मोट हाकायचे हे मला लग्नाला चौदा वर्षं झाली तरी माहीत नव्हतं! बारा मोटा एकदम चालल्या तर केवढा आवाज होत असंल, असं म्हणाले आणि गप्पच झाले. सेल्फी काढणारेसुद्धा ऐकत थांबलेले, वीस मिनिटांची चाळीस झाली, ड्रायव्हर हॉर्न मारून दमला.

वाईत ढोल्या गणपती (1762, रास्त्यांनी बांधलेला), मागची भिंत माशाच्या आकाराची, कृष्णेला पूर आला तर पाणी दोन्ही बाजूंनी फाटून जावं म्हणून. भारी डोकं. गर्दीत दर्शन मात्र दोन मिनिटं.

मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर शंकराच्या देवळापाशी घंटा बघितली. चिमाजी आप्पांनी 1739 ला पोर्तुगीजांकडनं वसई घेतली त्या लुटीतली, वर मेरी आणि बाळ येशू, आणि 1707 साल. शंकराच्या दारात येशूची घंटा, मला तर हे फारच आवडलं.

परतीच्या बसमध्ये गाइड स्वतःची सीट सोडून मामांशेजारी येऊन बसला, डायरी काढून. सोल कशाची वळायचे, एका मोटेला बैल किती, एकेक विचारून लिहून घेत होता. स्टँड आलं, सगळे उतरले तरी हे दोघं आपले बसलेलेच, शेवटी ड्रायव्हरनं आतली लाइट बंद केली तेव्हा कुठं उठले.