सूर्यावरचे वादळ आणि आपली वीज

माझी सारी नोकरी वीज पारेषणाच्या उपकेंद्रांत झाली, त्यामुळे सौरवादळाची, म्हणजे सूर्यावरून सुटलेल्या भारित कणांचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला हलवतो त्याची, बातमी आली की ओळखीचे लोक हमखास विचारतात, "आपली वीज जाईल का हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

१३ मार्च १९८९ रोजी पहाटे पावणेतीनच्या सुमारास अशाच सौरवादळामुळे कॅनडातील क्वेबेकचे ग्रिड (वीजवाहिन्यांचे जाळे) दीड मिनिटात कोसळले आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास विजेविना राहिले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र वेगाने डळमळले की जमिनीत विद्युतदाब निर्माण होऊन प्रवाह वाहू पाहतो. तिथला कठीण खडक वीज सहज वाहू देत नाही, म्हणून तो प्रवाह अर्थिंगमधून ७३५ किलोव्होल्टच्या लांबलचक वाहिन्यांत शिरला. ट्रान्सफॉर्मर हे एसीचे, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाचे यंत्र असल्याने त्यात असा डीसीसारखा (एकाच दिशेने वाहणारा) संथ प्रवाह आला की लोखंडी गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, नेहमीची गुणगुण भसाडी होते, आतले लोखंड तापते आणि हार्मोनिक्स, म्हणजे मूळ लहरीच्या पटीतल्या नको असलेल्या लहरी, सुटतात. त्या हार्मोनिक्समुळे विद्युतदाब सांभाळणारी उपकरणे एकामागून एक ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. उपकरण वाचवण्यासाठी ते बंद करणारे रिले नेमून दिल्याप्रमाणेच वागले, ही गोष्ट मला अजून बोचते.

त्याच वादळात अमेरिकेतील न्यू जर्सीच्या सेलम अणुवीज केंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर निकामी झाला. असे ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाहीत. मागणी नोंदवून वर्ष-वर्ष थांबावे लागते, आणि खरे नुकसान तिथेच असते, कारण पाणीपुरवठ्याचे पंप, शीतगृहे, मोबाइलचे टॉवर हे सगळे जनरेटरवर काही तास निघतात, महिने नाही.

आपण विषुववृत्ताजवळ असल्याने आपल्या ग्रिडला हा धोका बराच कमी आहे. तरी २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घसरण नोंदवली होती, हे मी विसरत नाही. (विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथली चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला हलवली, सूर्याआधी ट्रामच्या विजेनेच चुंबकमापकांच्या सुया हलवल्या असत्या.)

आज पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवरून भारताचे आदित्य-एल१ हे यान सौरवाऱ्यावर, म्हणजे सूर्यावरून येणाऱ्या कणांच्या झोतावर, नजर ठेवून आहे. पण तेथून जोरदार वादळ पृथ्वीवर पोहोचायला अर्धा-पाऊण तासच लागतो. तेवढ्यात नियंत्रण कक्षाने पहिले काम करायचे ते देखभालीसाठी बंद असलेल्या वाहिन्या पुन्हा सुरू करण्याचे, म्हणजे भार वाटला जातो, आणि मनोऱ्यावर चढलेली माणसे उतरून, अर्थिंगच्या साखळ्या काढून कामाचे परमिट (वाहिनीवर काम करण्याची लेखी परवानगी) परत करेपर्यंत आमच्याकडे तेवढा वेळ सहज जात असे.