पोस्टरमधल्या ज्वाळा आणि दारातली पॅलेट

एप्रिल उजाडला की पुण्याच्या आसपासच्या औद्योगिक वसाहतींमधून मला परीक्षक म्हणून बोलावणी येऊ लागतात. 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. त्याचा पहिलाच दिवस आंबेडकर जयंतीच्या सुट्टीचा असल्यामुळे बहुतेक कारखान्यांतले कार्यक्रम 15 तारखेनंतर सुरू होतात, आणि मॉक ड्रिल, सामूहिक प्रतिज्ञा, घोषवाक्य स्पर्धा यांच्या जोडीला ‘कामाच्या ठिकाणची अग्निसुरक्षा’ या विषयावरची पोस्टर स्पर्धा हमखास असते. मी उपयोजित कला शिकलेली आहे आणि माझा चरितार्थ वेष्टने आणि सूचनाफलक यांच्या डिझाइनवर चालतो, त्यामुळे या स्पर्धेकडे निव्वळ चित्रकला स्पर्धा म्हणून पाहणे मला जमत नाही. माझी तक्रार अशी की आपण आगीच्या चित्राला बक्षीस देतो. आग कशामुळे पसरते आणि माणूस कशामुळे आत अडकतो, हे दाखवणारे चित्र मात्र उत्तेजनार्थ बक्षिसापर्यंतही क्वचितच पोहोचते.

टेबलावर मांडलेली पोस्टर पाहत गेले की साचा लगेच ध्यानात येतो. अर्ध्या कागदावर नारिंगी-पिवळ्या ज्वाळा, कोपऱ्यात आग विझवायचे लाल सिलिंडर, मधोमध हेल्मेट घातलेला रुबाबदार कामगार आणि वर ठसठशीत अक्षरांत ‘सुरक्षितता प्रथम’. कामगारांच्या मुलांसाठी वेगळा गट असेल तर त्यात अश्रू ढाळणारी पृथ्वीही येते. ती पर्यावरण दिनाच्या तयारीतून इकडे आलेली असावी. यातल्या काही चित्रांचे रंगकाम खरोखर देखणे असते आणि त्यामागची मेहनत मला दिसते. परंतु पेटलेला विद्युत पॅनेल आणि त्यावर पाण्याचा फवारा मारणारा वीर कामगार असे चित्र मी पहिल्या क्रमांकाच्या ढिगात ठेवलेले पाहिले आहे, आणि तिथे रंगसंगतीचे कौतुक करणे म्हणजे चुकीचे शिक्षण भिंतीवर टांगणे होय. वीजप्रवाह चालू असलेल्या उपकरणावर पाणी मारायचे नसते. तिथे कार्बन डायऑक्साइडचे किंवा पावडरचे सिलिंडर लागते. फवारा ज्वाळांच्या शेंड्यावर मारलेला दाखवणे ही दुसरी नेहमीची चूक. तो आगीच्या बुडाशी मारायचा असतो. तिसरी चूक बारीक असली तरी बोलकी आहे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काळा कर्णा असतो, दाबमापक नसतो आणि त्यातला वायू पुरेसा आहे की नाही हे वजन करून पाहतात. पोस्टरमध्ये मात्र कर्णा आणि दाबमापक एकाच सिलिंडरवर सुखाने नांदत असतात. चित्रकाराने भिंतीवरचे सिलिंडर एकदा जवळ जाऊन पाहिले असते तर हे घडले नसते.

मुळात 14 एप्रिल ही तारीख ज्या घटनेमुळे पाळली जाते, ती घटनाही साठवणुकीबद्दल बरेच सांगणारी आहे. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्यावर सुमारे 1400 टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी धूर दिसला, बंब आले, आणि चारनंतर झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले. सप्ताहाच्या भाषणांत त्यांच्या शौर्याचा उल्लेख होतो आणि तो व्हायलाच हवा, पण कापूस आणि दारूगोळा एकमेकांशेजारी का ठेवले गेले, हा प्रश्न कारखान्याच्या स्टोअरला जास्त लागू पडतो. थिनरचे ड्रम आणि वेल्डिंगच्या ठिणग्या यांच्यात किती अंतर आहे, हे दाखवणारे पोस्टर मी अजून पाहिलेले नाही.

आपल्याकडचे त्याहून जवळचे उदाहरण पुण्याजवळच्या उरुळी देवाची इथले आहे. मे 2019 मध्ये पहाटे तिथल्या साड्यांच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले पाच कामगार दगावले, कारण शटरला बाहेरून कुलूप होते. अशा ठिकाणी सिलिंडर कितीही असले तरी बाहेर पडायला वाटच नसेल तर त्यांचा उपयोग काय, याचे उत्तर कोणत्याही घोषवाक्यात सापडत नाही.

म्हणूनच एका कारखान्यात पॅकिंग विभागातल्या एका कामगाराने दिलेले पोस्टर माझ्या मनात ठसले. त्यात आग नव्हतीच. साध्या रेघांच्या कागदावर बॉलपेनने त्यांच्याच शेडचे मागचे दार काढलेले होते. वर बाहेर पडण्याच्या मार्गाची हिरवी पाटी, खाली दाराला टेकवलेल्या दोन पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी), त्यावर छातीइतके उंच रचलेले कार्टन आणि त्यांच्यामागून जेमतेम डोकावणारी कडी. कार्टनवरची चिकटपट्टी कुठे सुटली आहे तेसुद्धा त्याने काढले होते. खाली एकच ओळ होती: ‘हे दार उघडून दाखवा.’ माझ्या शेजारी बसलेले परीक्षक म्हणाले, “मॅडम, विषय अग्निसुरक्षेचा आहे आणि यात अग्नीच कुठे आहे?” गुणपत्रिकेत रेखाटन, रंगसंगती, घोषवाक्य आणि विषयाशी सुसंगती असे चार समान रकाने होते, रंगच नसल्यामुळे या पोस्टरचा एक रकाना जवळजवळ कोरा राहिला आणि ते बक्षिसातून गेले. बक्षिसाचा स्टीलच्या डब्यांचा संच ज्वाळांनाच मिळाला. सेफ्टी ऑफिसर मात्र ते बॉलपेनचे चित्र घडी घालून खिशात ठेवून घेऊन गेले, आणि माझ्या लेखी त्या दिवशीचा खरा निकाल तोच होता.

निरीक्षणाला आणि ओळखू येण्याला किंमत दिली की स्पर्धेतून काय निघू शकते, हे जपानने दाखवले आहे. 1972 मध्ये ओसाकातल्या सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरच्या आगीत 118 लोक मरण पावले आणि पुढच्याच वर्षी कुमामोतोतल्या एका मोठ्या दुकानाच्या आगीत शंभरहून अधिक जण गेले. त्यानंतर बाहेर पडण्याच्या मार्गाच्या खुणेसाठी तिथे खुली स्पर्धा घेण्यात आली. तीन हजारांहून अधिक चित्रे आली, धुरात ती कितपत ओळखू येतात याची चाचणी झाली आणि निवडलेल्या चित्राला डिझायनर युकिओ ओटा यांच्या देखरेखीखाली अंतिम रूप मिळाले. दारातून धावत बाहेर पडणारा हिरवा माणूस आज आपल्या मॉलमध्ये आणि दवाखान्यांत दिसतो तो तोच. त्यात एकही ज्वाळा नाही.

त्या चाचणीचा साधा अवतार आपल्या कारखान्यांतही सहज करता येईल. निवडलेली पोस्टर सभागृहात टेबलावर पसरून पाहण्याऐवजी शॉप फ्लोअरवर, जिथे ती लागणार आहेत तिथेच टांगावीत आणि दुपारच्या पाळीतल्या चार-पाच जणांना चालता चालता दाखवून ‘यात तुम्हाला काय करायला सांगितले आहे?’ एवढेच विचारावे. उत्तर ‘काळजी घ्या’ असे आले तर ते पोस्टर बाद करावे. ‘पॅलेट हलवा’, ‘सिलिंडरसमोरची जागा मोकळी ठेवा’, ‘लिफ्ट नको, जिना’ असे आले तर त्याला पुढे न्यावे. तांत्रिक चूक असलेले चित्र सेफ्टी ऑफिसरने आधीच वेगळे काढावे, म्हणजे परीक्षकांना रंगांचा मोह पडणे टळते. रंगसंगतीचा रकाना काढून टाका असे मी म्हणत नाही, त्याचे वजन कमी करा इतकेच म्हणते.

भाषेचाही विचार नियमावलीतच व्हावा. पॅकिंग, लोडिंग आणि स्टोअर या विभागांत आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा इथून आलेले कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने असतात, आणि यमक जुळवलेले चार ओळींचे मराठी घोषवाक्य त्यांच्यासाठी केवळ नक्षी ठरते. शब्द पाचांपेक्षा जास्त नसावेत आणि ते झाकले तरी चित्राचा अर्थ कळावा, अशी अट यंदा मी बोलावणे स्वीकारण्यापूर्वी आयोजकांपुढे ठेवली आहे. दोन ठिकाणी ती मान्य झाली; एका ठिकाणी घोषवाक्याचे बक्षीस कोणाच्या तरी नावाने आधीच जाहीर झाल्यामुळे चर्चा अजून चालू आहे.