किंमत खाली लिहिली आहे

कला महाविद्यालयातून नुकती बाहेर पडलेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, फॉलोअर्स कसे वाढवायचे?" मला खरंच माहीत नाही. माझे जेवढे आहेत ते एका बेताच्या लग्नाच्या पंगतीत मावतील. तरी लिनोकटवर, म्हणजे लिनोच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर काढलेल्या छापांवर, माझं निम्मं घर चालतं. उरलेलं निम्मं शाळेतल्या चित्रकलेच्या तासांवर. त्यामुळे फॉलोअर्सचं सोडून, विकण्याबद्दल थोडं बोलू शकते.

आमच्या कोल्हापुरात या विषयाची जरा लाजच आहे. कलानगरी ना! "चांगलं काम आपोआप पोचतं, गाजावाजा कशाला?" असं म्हणणारे ज्येष्ठ दर प्रदर्शनात भेटतात आणि पुढच्या वाक्यात आबालाल रहिमान येतातच. जे. जे. स्कूलमध्ये शिकून आबालाल कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या परिसरात चित्रं रंगवत राहिले, बाजाराच्या वाटेला गेले नाहीत. त्यांची जलरंगातली चित्रं बघितली की हात जोडावेसे वाटतात, यात वादच नाही. पण त्यांना शाहू महाराजांचा आश्रय होता, ते सांगायचं बरोबर राहून जातं. आता संस्थान नाही आणि घरभाडं मात्र आहे.

शिवाय याच गावात १८६७ साली जन्मलेल्या म. वि. धुरंधरांचं उदाहरण कुणी देत नाही. जे. जे.मध्ये शिकवणारा, मोठमोठी तैलचित्रं करणारा हा माणूस पोस्टकार्डांसाठीही तेवढ्याच मन लावून चित्रं काढत होता. मुंबईच्या रस्त्यावरची माणसं, त्यांचे पोशाख, त्यांची लगबग. त्याच्याही आधी, १८९४ मध्ये, राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो नंतर मळवलीला गेला, आणि ज्यांना तैलचित्र परवडणं शक्यच नव्हतं त्यांच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वती जाऊन बसल्या. या दोघांना कुणी बाजारू म्हणायला धजत नाही. मग आम्ही स्टेटसला चित्र टाकलं की भुवया का वर जातात?

आता मुद्द्याचं. माझ्या मते निम्मा प्रामाणिकपणा चित्राखालच्या पट्टीत असतो. दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात लावलेल्या माझ्या चित्राखालची पट्टी अशी होती: "गुऱ्हाळ, क्रमांक ३. लिनोकट, दोन रंग. हातानं छापलेल्या २५ प्रती, त्यातली ही सातवी. फ्रेमशिवाय १८०० रुपये." बस. शेजारच्या चित्राखाली 'स्मृती आणि अवकाश यांतील संवाद' असं काहीतरी होतं. चित्र सुंदर होतं हो, पण लोक ती ओळ वाचून हळूच पुढे सरकायचे.

किंमत लिहिली की माणूस मोकळा होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. "किंमतीसाठी इनबॉक्समध्ये या" असं लिहिलं की दोन प्रकारची माणसं येतात: ज्यांना पैशाची फिकीर नाही ती, आणि ज्यांना घासाघीस करायची आहे ती. मधली सगळी माणसं, म्हणजे शिक्षिका, बँकेतली मंडळी, नवीन फ्लॅटच्या भिंतीवर काहीतरी लावायचंय अशी जोडपी, ती विचारतच नाहीत. विचारून "नको" म्हणायला लागलं तर काय, हा संकोच. आणि माझं गिऱ्हाईक नेमकं तेच.

दुसरा घोळ 'प्रिंट' या प्रकाराचा. पहिल्या दिवशीच साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका बराच वेळ चित्रापुढे थांबले, पट्टी वाचली आणि म्हणाले, "म्हणजे ही झेरॉक्सच की! मग अठराशे कसले?" प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी मी टेबलावर लिनोचा कोरलेला ब्लॉक, रोलर, काळी शाई आणि लाकडी पळी मांडून बसले. काका पुन्हा आले (येणार याची खात्री होती, त्यांना वाद अर्धवट राहिलेला आवडला नसावा). त्यांच्या हातात रोलर दिला. काचेवर शाई पसरताना आधी चिकट, मग बारीक चरचर असा आवाज येतो. तो आला की शाई नेमकी झाली. ब्लॉकवर रोलर फिरवला, वर कागद ठेवला, आणि पळीच्या पाठीनं कोपऱ्यापासून घासत जायला सांगितलं. काकांनी एका कडेला जोर कमी दिला, तिथं चुलवणाचा, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीचा, धूर फिका उमटला. कागद उचलला तसे ते स्वतःच म्हणाले, "आयला, हे डावं-उजवं उलटं कोरायला लागतं होय!" मग मी त्यांना सांगितलं की २५ प्रती झाल्या की ब्लॉकवर आडव्या रेघा कोरून तो रद्द करते, म्हणून खाली पेन्सिलीनं ७/२५ लिहिलेलं असतं. काकांनी विकत काही घेतलं नाही. पण त्यानंतर दोन तास दालनात येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच समजावून सांगत होते, आणि माझ्यापेक्षा चांगलं.

म्हणूनच स्कॅन करून मशीनवर काढलेल्या छपाईला 'लिमिटेड एडिशन' म्हणून विकणाऱ्यांचा मला राग येतो. पोस्टर विकण्यात कमीपणा काही नाही, मीही विकते. त्याला पोस्टर म्हणायचं आणि पोस्टरची किंमत लावायची.

रील्सचं थोडक्यात सांगते. ब्लॉकवरून कागद सोलून काढतानाचा क्षण लोकांना आवडतो, मलाही आवडतो, तो मी टाकते. पण काळा भाग जास्त ठेवला तर सोलताना छान दिसेल, असा विचार कोरतानाच डोक्यात यायला लागला की फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. तिथं चित्राचा धनी बदललेला असतो.

माझी खरी विक्री व्हॉट्सअ‍ॅपवर होते. ग्रुपवर नाही, ग्रुपवर सगळे कंटाळतात. ब्रॉडकास्ट लिस्ट आहे. तिची गंमत अशी की समोरच्यानं आपला नंबर सेव्ह केला असेल तरच मेसेज पोचतो. म्हणून चित्र घेणाऱ्याला पाकीट देतानाच विचारते, "महिन्यातून एक मेसेज पाठवला तर चालेल का? चालत असेल तर नंबर सेव्ह करा." नको म्हणणारेही असतात, त्यांचं बरोबर आहे. बाकीच्यांना महिन्याला एकच मेसेज जातो: काय कोरतेय, काय संपलं, काय उरलंय, कितीला. आणि तो मराठीतच लिहिते, दुकानात बोलावं तसा. 'माझ्या कलाप्रवासातील नवे पाऊल' असलं काही नाही.

मेसेजमध्ये लोक उत्तर कशाला देतात, सांगू? चित्रातल्या माणसांना. गुऱ्हाळाची मालिका चालू असताना मी शिरोळकडच्या एका गुऱ्हाळावर जाऊन बसायचे. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळताना गूळ करणारा गुळव्या त्यातला थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी करून बघतो, आणि त्या गोळीवरून काहील उतरवायची वेळ ठरवतो. थर्मामीटर वगैरे काही नाही. त्या हाताचं चित्र कोरलं, खाली एवढंच लिहिलं. लगेच उत्तरं सुरू: कुणाच्या आजोळी गुऱ्हाळ होतं, कुणाला काकवी आठवली, पुण्यातल्या एका बाईंनी तर चिपाडाच्या वासावर पानभर लिहून पाठवलं. चित्राची पहिली प्रत मी त्या गुळव्यांना नेऊन दिली आणि विचारलं, खाली तुमचं नाव टाकू का? तर म्हणाले, "नाव नगं ताई. मालक म्हणंल, कामाच्या येळेला ह्यो फोटूला हुबा ऱ्हातोय." म्हणून पट्टीवर नाव नाही. ज्याचे हात आपण विकतोय त्याला विचारायला तरी पाहिजे, एवढं मी पाळते.

फुकटात डिझाईन मागणारेही येतात. एका भेटवस्तूंच्या ब्रँडला माझं गुऱ्हाळ कॉफीच्या मगांवर छापायचं होतं, मोबदला म्हणून "भरपूर एक्स्पोजर". मी विचारलं, किती मग काढणार, कितीला विकणार, माझं नाव कुठं येणार आणि प्रत्येक मगामागे मला किती? चारही प्रश्नांना मिळून एकच उत्तर आलं, "टीमशी बोलून सांगतो." टीम अजून बोलतेय. नवीन मुलांना मी हे चार प्रश्न लिहून ठेवायला सांगते. खरं काम देणारा माणूस त्यांना बिचकत नाही. एका चहा विकणाऱ्या तरुणानं अर्ध्या तासात आकडे पाठवले होते आणि त्याच्या पुड्यावरचा माझा बैल आजही दिसतो, माझ्या नावासकट.

जाता जाता. धुरंधरांचं नाव घेऊन मीही यंदा पोस्टकार्डं काढली आहेत. पाचांचा संच: काहील, चुलवण, चिपाडाची गंजी, गुळाचे रवे आणि गुऱ्हाळावरचं कुत्रं. ब्लॉकवरून हातानं छापलेली आहेत, त्यामुळे शाई कुठं जरा दाट, कुठं विरळ असेल. संच ३०० रुपये, टपालखर्च वेगळा. कुत्र्याचं कार्ड सुटं मागू नका, सगळ्यांना तेवढंच हवं असतं.