मैना कुठली?

येळवस (मार्गशीर्ष अमावास्या), रात्री साडेदहा

शेतातून यायला उशीर झाला. दोन तांबे आंबील पोटात आहे, डोळे मिटतायत. पण आज लिहिलं नाही तर हे राहून जाईल.

दुपारी शेतातल्या कडब्याच्या कोपीत पांडव पूजले आणि पंगत बसली. भज्जी वाढून झाली एवढ्यात रस्त्यानं टेम्पो गेला. मागं फळीला बांधलेली कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची घोडी. निघाली असणार नांदेडकडच्या माळेगावला, खंडोबाची यात्रा कालच सुरू झाली. आमची पोरं ओरडली तसे घोडीनं कान टवकारले. दोन्ही कानांची टोकं जराशी आत वळलेली, एकमेकांना टेकायला दोन बोटं कमी. उंडा हातातच राहिला माझ्या. आमच्या मैना घोडीचे कान असेच होते.

आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मैना १९७६ साली माळेगावातच घेतली. तेव्हा लातूर जिल्हा व्हायचा होता, आमचं अहमदपूर उस्मानाबादेत होतं. रुमालाखाली बोटं दाबून सौदा झाला. दात बघितले तर तोंड भरलेलं नव्हतं, म्हणजे पाच वर्षांच्या आतली. अंगाला कुमैत, कपाळावरून नाकापर्यंत पांढरा पट्टा आणि तीन पाय पांढरे. चौथाही पांढरा असता तर पंचकल्याणी म्हणून दाम वाढला असता. डावा मागचा पाय काळा निघाला, त्या एका पायानं आबांचे दोनशे रुपये वाचवले. आजी मात्र महिनाभर त्या पायाकडं संशयानं बघत होती.

विकणारा म्हणाला होता, ‘काठेवाडी बीज हाय मालक, कानच बगा.’

आबांना ते पटलं नाही. काठेवाडी एवढी बुटकी नसते आणि जोंधळ्याच्या कडब्यावर भागवून घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मते मैना भीमथडीची, भीमेकाठच्या तट्टांची. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायलं हे ते अशा थाटात सांगत, जणू पाणी पाजायला स्वतः गेले होते. खुरं तिची खरंच दगडासारखी होती, नालबंदाला आमच्याकडून कधी पैसा मिळाला नाही. आणि चाल! आबा तिच्यावर बसून तपकीर ओढत, चिमूट सांडत नसे.

तिसरं मत आबांच्या आतेभावाचं, आमच्या अंबाजोगाईच्या बापूंचं. अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत. तिथं हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. बापूंचा दावा असा, की छावणीतल्या अरबी घोड्यांचं रक्त आसपासच्या तट्टांत उतरलंय आणि मैनेचं नाक त्याची साक्ष आहे. आता कंटिंजंट १९०३ सालीच हिंदुस्थानी फौजेत मिसळली. त्या रिसाल्यांतून पुढं डेक्कन हॉर्स रेजिमेंट झाली, तिच्याकडं आज रणगाडे आहेत. मधल्या सत्तर वर्षांत किती शिंगरं, किती यात्रा, किती रुमाल! पण बापूंना हिशेब सांगायची कुणाची छाती नव्हती.

मला तेव्हा या कशाशी घेणं नव्हतं. मी आठ वर्षांची. तोबऱ्यात भिजवलेला हरभरा भरायचं काम माझ्याकडं. तोबरा उतरवला की मैना ओलं नाक माझ्या परकराला पुसायची, एका बाजूनं मग दुसऱ्या बाजूनं, अगदी व्यवस्थित. शाळेत माझ्या परकराला हरभऱ्याच्या पाण्याचा वास यायचा.

चामखीळ झालेली माणसं लांबून आमच्या दारात यायची. घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधला की चामखीळ गळते म्हणतात ना. कुणी उपटायला हात घातला की आजी कडाडायची, ‘तिला दुखत न्हाई व्हय रं?’ मग स्वतः कात्री आणून एकेक केस कापून द्यायची. मैना गेली १९९५ च्या उन्हाळ्यात. ओढ्याच्या काठी पुरली तिला, त्यावर मी काही लिहिणार नाही. आजीनं त्या दिवशी शेपटीचा एक झुपका कापून ठेवला, तो अजून माझ्या ट्रंकेत आहे, लाल दोऱ्यानं बांधलेला.

भाचा जनावरांचा डॉक्टर आहे. संध्याकाळी त्याला झुपका दाखवला. आता भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळालीय, धनगरांच्या वाड्यांबरोबर कोकरं आणि संसार पाठीवर घेऊन फिरणारी तीच ही घोडी, हेही त्यानंच सांगितलं. म्हटलं, मग बघ ना तपासून. त्यानं केस उजेडात धरले. ‘मावशी, हे कापलेलेत. अशी तपासणी मुळासकट उपटलेल्या केसावर करतात.’

मला हसू आलं. आजीच आठवली.

एक गोष्ट मात्र मी भाच्याला सांगितली नाही. मैनेला एकच शिंगरू झालं, १९८१ च्या पावसाळ्यात. बाप कोण म्हणाल तर नवरदेवाची वरात काढणाऱ्या एका बँडवाल्याचा पांढरा घोडा, त्याचंही कूळ देवाला ठाऊक. दोन वर्षांनी आबा शिंगराला माळेगावला घेऊन गेले, मी हट्टानं बरोबर. परभणीकडचा एक माणूस दात बघत होता. बीज कुठलं, त्यानं विचारलं. आयुष्यभर भीमथडी भीमथडी करणाऱ्या माझ्या आजोबांनी पापणीही न हलवता सांगितलं, ‘काठेवाडी. कानच बगा.’

रुमालाखाली चांगला आकडा निघाला. परतताना आबांनी मला रेवड्या घेतल्या आणि घरी हे बोलायचं नाही म्हणून बजावलं. आज बेचाळीस वर्षं झाली, बोलले नव्हते.

म्हणजे परभणीकडं कुठंतरी एखादा आजोबा नातवाला सांगत असेल, आपली घोडी काठेवाडी बिजाची बरं का.

टेम्पोला नांदेडचा नंबर होता. उद्या माळेगावला जाऊन यावं म्हणते. भाचा विचारत होता, मावशी, घोडी घ्यायचीय का या वयात? म्हटलं, घेत नाही रे. कान तेवढे बघून येते.