टकल्या मुंबईत अडकलाय: हिटमॅन २ ची नोंदवही

रात्र १

हिटमॅन २ या व्हिडिओ गेममध्ये आपण एक टकल्या सुपारी मारेकरी असतो, आणि त्याची सँटा फॉर्च्युना ही मोहीम एकदाची उरकली. रिको डेल्गाडोला पाणघोड्याच्या तोंडी दिलं, आंद्रेआ मार्टिनेझवर पुतळा पाडला. तिसऱ्याचं, होर्हे फ्रँकोचं, काय केलं ते लिहीत नाही. आवाज फार झाला एवढंच सांगतो. पाचापैकी दोन तारे. तरी पुढे सरकलो, कारण पुढे मुंबई होती आणि गेले दोन आठवडे मी त्यासाठीच थांबलो होतो.

नव्याने येणाऱ्यांसाठी: हिटमॅन २ नोव्हेंबर २०१८ चा. मी खेळतोय ते जानेवारी २०२३ पासून तिन्ही भाग एका छताखाली आले त्यातलं. नकाशे तेच, माणसं तीच, सुपाऱ्याही त्याच.

रात्र २

काहीच मारलं नाही. दीड तास नुसता फिरलो. बाजारातली गर्दी, अर्धवट बांधलेला रंगन टॉवर, वाळत घातलेले कपडे, रेल्वे यार्ड. स्टेशनबाहेरची वडापावची गाडी शोधत होतो, मला काही सापडली नाही. सगळे इंग्रजीत बोलतात हे डोंबिवलीकराच्या कानाला खटकतंच, पण कोपनहेगनमध्ये बसून मुंबई उभी करणाऱ्यांकडून गर्दी एवढी बरोबर येईल असं वाटलं नव्हतं. धक्का लागला की माणूस वळून बघतो आणि चालू पडतो. दादर पुलावर याहून वेगळं काय होतं?

बायको पाण्याची बाटली भरायला आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अरे, हा टकल्या अजून भिंतीलाच टेकून उभा आहे?" हो, उभा आहे. हा खेळच तसा आहे बाई.

रात्र ३

तीन जणांची सुपारी. बॉलिवूडचा निर्माता दाऊद रंगन, यार्डावर राज्य करणारी वान्या शाह आणि मेलस्ट्रॉम उर्फ वझीर काळे. या नावांवर आमच्या मित्रमंडळीत अर्धा तास गेला. वझीर काळे! हे नाव ठरवणाऱ्याने फोनबुक उघडून एक बोट इथे, एक तिथे ठेवलं असणार. रंगन तर थेट मद्रासकडचा. पण मला काळे आवडला. निदान एक तरी खलनायक आपल्या आडनावाचा.

गंमत अशी की काळेचा चेहरा आपल्याला माहीतच नसतो. फोटो नाही, वर्णन नाही. वस्तीत फिरून, कान देऊन, धागेदोरे जमवून तो कोण ते ठरवायचं. यावर मतं फार टोकाची आहेत. ठाण्याच्या मित्राचं म्हणणं, हा उगाच वेळकाढूपणा. माझं म्हणणं, आधीच्या भागात टार्गेट हातात ताटात वाढून मिळायचं, इथे पहिल्यांदा शोधावं लागतं आणि शोधताना नकाशा आपोआप पाठ होतो. दोन तासांत मला गल्ल्या इतक्या कळल्या की पुढच्या सगळ्या रात्री त्यावरच निघाल्या.

पहिल्यांदा त्याला न्हाव्याच्या वेषात मारलं. दुकानात थांबलो, साहेब दाढीला येऊन खुर्चीत बसले, मान मागे टाकली. वस्तरा हातात. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

रात्र ४

काश्मिरी नावाच्या दुसऱ्या सुपारी नेमबाजाला हाताशी धरलं. रंगन आणि शाह या दोघांची सुपारी त्यानेही घेतलेली असते, पण तो बसून राहतो. आपण फक्त त्या दोघांना त्याच्या बंदुकीच्या टप्प्यात आणायचं. दुसऱ्याच्या खांद्यावरून बंदूक चालवणे याचा इतका शब्दशः अर्थ दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही. मास्टरी, म्हणजे या नकाशावरची माझी पातळी, ७.

रात्र ५

आता जरा भांडणाचं. "हा २०१६ चाच खेळ, फक्त नकाशे नवे" हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलंय, बऱ्याच जणांनी म्हटलंय. मीही म्हटलं होतं, आधीच्या मायामीच्या नकाशापर्यंत. मेनू तोच, नाणं टाकून लक्ष वळवायची युक्ती तीच, कपडे बदलायचे तेही तसेच. मधली दृश्यं तर उलट घसरली: आधीच्या भागात हलणारे छोटे चित्रपट होते, इथे स्थिर चित्रांवर आवाज. ही तक्रार शंभर टक्के मान्य. कथेत कोणाचा जीव गुंतलाच असेल तर तो तिथे नक्की सुटला.

पण तीन गोष्टी खरंच नव्या आहेत आणि त्या मुंबईत कळतात. गर्दीत मिसळून दिसेनासं होणं ही पहिली. पाठलाग सुरू झाला की पूर्वी पळत सुटायचो. आता पाच माणसांच्या घोळक्यात शिरायचं, वेग त्यांचा धरायचा, खांदे पाडायचे. सकाळी ८.१२ ला चढणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. माझ्या बंगळुरूच्या मेहुण्याला हे जमेना, तो दर वेळी गर्दीच्या उलट दिशेने चालायचा.

दुसरी, आरसे. मायामीत बेसिनपाशी उभ्या माणसाच्या मागून दबक्या पावलांनी गेलो आणि त्याने मला आरशात पाहिलं. जुन्या भागात मागून गेलं की काम फत्ते असायचं, सवय तशीच लागलेली. तिसरी, कोपऱ्यात उघडणारी छोटी खिडकी: प्रेत कोणाला सापडलं, कॅमेऱ्यात कधी टिपलो गेलो, लगेच दिसतं. आधी नुसता 'प्रेत सापडलं' असा शिक्का बसायचा आणि आपण डोकं खाजवत बसायचो.

ब्रीफकेसवर मी लिहिणार नाही. फेकलेली ब्रीफकेस संथपणे माणसाचा पाठलाग करत जाते, तो दोष होता, लोकांनी इतका डोक्यावर घेतला की पुढे बनवणाऱ्यांनीच तशी ब्रीफकेस मुद्दाम खेळात आणली. झालं, लिहिलंच.

रात्र ६

नोंद छोटी. टॉवरवर पोचलो आणि वायफाय पडलं. खेळ जागच्या जागी थांबला: पुन्हा जोडा किंवा मुख्य मेनूत जा. एकट्याने खेळायचा खेळ, समोर कोणी नाही, तरी मास्टरी आणि चॅलेंज मोजायला इंटरनेट लागतंच, आणि ऑनलाइन ठेवलेली सेव्ह ऑफलाइन उघडत नाही. पावसाळ्यात डोंबिवलीत राहून हे सोसायचं म्हणजे काय, ते कळलं असेल. राऊटर पुन्हा चालू होईपर्यंत चाळीस मिनिटांचं काम पाण्यात. या एका मुद्द्यावर आमच्यात कधीही दोन मतं झालेली नाहीत.

(घोस्ट मोड आठवतोय? दोघांनी एकाच वेळी शर्यत लावायची तो. ऑगस्ट २०२० मध्ये बंद केला. त्यासाठी इंटरनेट मागितलं असतं तर समजू शकलो असतो.)

रात्र ८

पंखा! टॉवरवर रंगनच्या सिनेमाचं शूटिंग चालू असतं, तिथे वाऱ्यासाठी मोठा पंखा. तो पूर्ण वेगाने सोडला की रंगनसाहेब टॉवरवरून थेट खाली. हा अपघात धरला जातो, म्हणून नंतर प्रेत सापडलं तरी रेटिंगला धक्का लागत नाही. हे मला आठव्या रात्री कळलं. मायामीत हे माहीत असतं तर तीन रात्री वाचल्या असत्या.

मास्टरी १४. आता खरी परीक्षा: सायलेंट असॅसिन, म्हणजे पूर्ण पाच तारे, तेही सूटमध्येच. वेष बदलायचा नाही, टार्गेटशिवाय कोणाचा जीव घ्यायचा नाही, कोणी पाहायचं नाही, कॅमेऱ्यात टिपलं जायचं नाही, प्रेत सापडायचं नाही. काळा सूट, लाल टाय आणि टकलावर बारकोड घेऊन वस्तीत फिरणारा माणूस कोणाच्या नजरेत भरत नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं.

रात्र ९ आणि १०

सोळा प्रयत्न. सोळाही वाया. पंख्यापाशी जायचं म्हणजे शूटिंगवाल्यांच्या मधून, आणि वेष नसला की तिथला प्रत्येक जण हटकतो. नाणं टाकायचं, एक मान वळली की दोन पावलं. पुन्हा नाणं. माझ्या मुलीने मोजलं, एका प्रयत्नात मी एकवीस वेळा नाणं उचललं. "बाबा, तू भिकारी आहेस का?"

रात्र ११

रंगन गेला, पंख्यानेच, आणि मला कोणी पाहिलं नाही. शाह गेली. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. काळेसाठी मी गर्दीत सात मिनिटं उभा राहिलो, तो वस्तीतून चालत येईपर्यंत. नाणं टाकलं, तो गल्लीत वळला, मागून तार. प्रेत लपवायला पेटी दिसेना. म्हटलं, या कोपऱ्यात कोण येतंय, आणि तिथेच ओढून ठेवलं.

बाहेर पडायच्या जागेपासून वीसेक पावलांवर होतो तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात ती छोटी खिडकी उघडली. एक माणूस, हातात बादली, खाली वाकून बघतोय.

चार तारे. घड्याळात १.४०. उद्या आधी पेटी शोधणार, मग काळेला.