अंदाजवही: मुस्तफा एक पायरी वर, रोड रॅश आहे तिथंच

जुने व्हिडिओ गेम परत विक्रीला येतील का, याचे अंदाज गुण देऊन मांडणारी ही वही. या फेरीत तिच्यात मोठा बदल एकच. मुस्तफाला पाचपैकी एक गुण होता, तो दोन केलाय. गेम पार्लरमधल्या या खेळाचं बोर्डावरचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण त्या नावानं निपाणीपासून खानापूरपर्यंत कुणाला विचारलं तर समोरचा तोंडाकडे बघत राहील. मुस्तफा म्हटलं की पिवळ्या टोपीवाला लगेच डोळ्यांपुढं येतो.

गुणांची पद्धत तीच आहे. कुणीतरी 'आतल्या गोटातून' काही म्हणालं तर त्याला शून्य. हक्कांचा रस्ता मोकळा दिसला की एक-दोन. कंपनीनं पैसे भरून कुठल्या सरकारी दप्तरात नोंद केली की तीन. वयोगटाचं प्रमाणपत्र निघालं की चार. कंपनी स्वतः बोलली की पाच. कागद हातात आल्याशिवाय कुणालाही तीन मिळणार नाहीत, मग बेळगावच्या खडेबाजारात कितीही बोलबाला असो.

मुस्तफाचा गुण का वाढला ते बघू. हा कॅपकॉमचा १९९३ चा खेळ, मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेवरून केलेला. म्हणजे कुलपं दोन. एक चित्रकथेच्या हक्कांचं, दुसरं नावातल्या कॅडिलॅकचं, कारण ती खूण जनरल मोटर्सची. कॅपकॉमनं २०१८ च्या सप्टेंबरात मारामारीच्या सात खेळांचा संग्रह काढला. त्यात फायनल फाइट होता, कॅप्टन कमांडो होता, नाइट्स ऑफ द राउंड होता, मुस्तफा नव्हता. २०२१ आणि २०२२ च्या आर्केड स्टेडियम या त्यांच्याच जुन्या खेळांच्या संग्रहांतही नव्हता. तोवर एक गुणसुद्धा उदारपणानंच दिलेला होता.

पण त्याच काळातले, दुसऱ्याच्या हक्कांवर काढलेले कॅपकॉमचे बाकीचे खेळ बघा. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे दोन्ही खेळ २०१३ मध्ये परत आले. एलियन व्हर्सेस प्रेडेटर २०१९ च्या कॅपकॉम होम आर्केडमध्ये आला. सोळा खेळांचं ते जोडकाठीचं यंत्र महाग होतं, पण हक्क मिळाले हे महत्त्वाचं. पनिशर तर कायमचा गेला असंच सगळे धरून होते. १८ जून २०२४ च्या निन्टेंडो डायरेक्टमध्ये, म्हणजे निन्टेंडोच्या घोषणांच्या कार्यक्रमात, मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉमचा संग्रह जाहीर झाला, त्यात सहा फायटिंगचे खेळ आणि सातवा पनिशर. १२ सप्टेंबरला तो विक्रीला आला. पनिशर आणि मुस्तफा एकाच साली, एकाच जातीच्या बोर्डावर आलेले. तेव्हा तांत्रिक अडचणीची सबब आता उरली नाही. राहिलीत फक्त ती दोन कुलपं. त्यातलं गाडीचं जास्त अवघड, कारण मार्व्हलकडे विकायला आणखी सहा खेळ होते, जनरल मोटर्सकडे यात मिळवण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून दोन, तीन नव्हे. नाव बदलून आणि गाडीचं चित्र बदलून काढायचा मार्गही आहे, पण तसं झालं तर कागद वेगळ्याच नावानं निघेल. म्हणून शोधताना 'झेनोझोइक' हा शब्दही घालत जा.

बोर्डाबद्दल एक आडवळण. या खेळाच्या मूळ बोर्डावर आवाज सांभाळणाऱ्या चिपमध्ये कुलूपबंद प्रोग्रॅमची किल्ली बॅटरीच्या जोरावर टिकून असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि आवाज जातो. कुणाकडे मूळ बोर्ड असेल तर 'बघू पुढं' म्हणत ठेवू नका. पुरवठा न तोडता बॅटरी बदलणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या. आधी जुनी काढून मग नवी लावली की किल्ली गेलीच. पार्लरमधल्या नकली बोर्डांना ही भानगड नव्हती. त्यांचा आवाजही मूळचा नव्हता. त्यामुळं खरा मुस्तफा परत आला तर पुष्कळांना त्याचं संगीत अनोळखी वाटेल.

आता कागद कसा वाचायचा. गोंधळ इथंच जास्त होतो. ट्रेडमार्कचा अर्ज निघाला की दुसऱ्या मिनिटाला 'येणार, येणार' सुरू होतं. अर्ज उघडून आधी वर्ग बघायचा. वर्ग ९ म्हणजे सॉफ्टवेअर, २८ म्हणजे खेळणी आणि खेळाची यंत्रं, ४१ म्हणजे करमणुकीची सेवा, २५ म्हणजे कपडे. नुसता २५ असेल तर टी-शर्ट येणार, तेवढंच. ९ आणि ४१ एकत्र असतील तर खुर्चीत सरळ बसा. ९, ४१ आणि २८ तिन्ही असले तरी हुरळू नका, मोठ्या कंपन्यांचे वकील सवयीनं सगळेच वर्ग भरतात.

वर्गानंतर अर्जाचा आधार. अमेरिकेत तो मुख्यतः दोन तऱ्हेचा असतो: 'वापरात आहे' किंवा 'वापरायचा इरादा आहे'. इराद्याचा अर्ज मंजूर झाल्याची सूचना निघाली की सहा महिन्यांत वापर दाखवावा लागतो. मुदत वाढवून मिळते, पण सगळी मिळून ३६ महिन्यांपर्यंतच. म्हणून वहीत अर्जाची तारीख लिहू नका, मंजुरीच्या सूचनेची लिहा, आणि पुढं दर सहा महिन्यांनी मुदतवाढ मागितली का ते तपासा. कंपनी पैसे भरून मुदत वाढवत राहिली तर काहीतरी शिजतंय. अर्ज सोडून दिला तर गुण काढून घ्यायचा.

नूतनीकरण ही सगळ्यात फसवी गोष्ट. नोंदणी दहा वर्षांची असते, आणि मध्ये पाचव्या ते सहाव्या वर्षात 'अजून वापरतो' असा पुरावा द्यावा लागतो. तेव्हा जुन्या नावाखाली अचानक हालचाल दिसली की आधी नोंदणीचं साल बघून वजाबाकी करा. दहा किंवा पाच-सहा येत असेल तर तो नेहमीचा फेरा आहे, त्याला शून्य. त्या पुराव्यासोबत जोडलेलं चित्र मात्र उघडून बघाच, कधी कधी त्यात एखाद्या जुन्या संग्रहाच्या दुकानातल्या पानाशिवाय काही नसतं.

आणखी एक पळवाट ठाऊक असू द्या. ज्या देशाचं दप्तर ऑनलाइन शोधता येत नाही तिथं आधी गुपचूप अर्ज करायचा आणि सहा महिन्यांच्या आत अमेरिकेत तोच अर्ज जुन्या तारखेच्या हक्कानं टाकायचा. टेक कंपन्यांनी यासाठी जमैका पुष्कळ वापरलाय. अमेरिकेच्या नोंदीत परदेशी प्राधान्याची तारीख दिसली तर ती खरी सुरुवात धरा.

ट्रेडमार्कपेक्षा वयोगटाचं प्रमाणपत्र कितीतरी भरवशाचं. तिथं खेळ जवळपास तयार करून दाखवावा लागतो. आपल्या वहीतलं उत्तम उदाहरण व्हाइस सिटीचं. २०२१ च्या सप्टेंबरअखेर दक्षिण कोरियाच्या मंडळाच्या नोंदीत जीटीएच्या तीन खेळांचा एकत्र संच दिसला (व्हाइस सिटी त्यातलाच एक), ८ ऑक्टोबरला रॉकस्टारनं तो जाहीर केला, ११ नोव्हेंबरला विक्रीला आला. नोंद ते विक्री, दीड महिनाही नाही. कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि ब्राझील या तीन मंडळांची पानं आठवड्यातून एकदा चाळली तरी पुरे. कोरियाचं घड्याळ आपल्यापुढं साडेतीन तास, त्यांची कचेरी नऊला उघडली की इथं पहाटेचे साडेपाच.

फुटलेल्या याद्यांचं गणित निराळं: नाव बहुधा खरं, साल बहुधा खोटं. २०२१ च्या सप्टेंबरात एनव्हिडियाच्या ऑनलाइन खेळसेवेतून एक लांबलचक यादी बाहेर पडली. यात अंदाजानं घातलेली नावंही आहेत, असं कंपनीनं सांगितलं. त्या यादीतला क्रोनो क्रॉस २०२२ च्या एप्रिलात आला, फायनल फँटसी टॅक्टिक्स मात्र ३० सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे चार वर्षांनी. मायक्रोसॉफ्टच्या खटल्यातल्या कागदांतून २०२३ मध्ये ऑब्लिव्हियनची नवी आवृत्ती फुटली. ती २२ एप्रिल २०२५ ला जाहीर झाली आणि त्याच दिवशी विक्रीलाही आली. फॉलआउट ३ चंही नाव त्याच कागदांत होतं. तिथं लिहिलेल्या साली तो आला नाही. तेव्हा यादीवरून गुण नावाला द्या, सालापुढं चौकट रिकामी ठेवा. दुकानांच्या पानावर ३१ डिसेंबर दिसलं तर ती तारीख नव्हेच, रिकामी जागा भरण्यासाठी टाकलेला आकडा आहे.

कंपनीनं स्वतः दिलेल्या तारखेचंही फार कौतुक नको. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या सँड्स ऑफ टाइमची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाली, काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंत. जानेवारी २०२१ सांगितला, मग मार्च, मग तारीखच काढली, आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. तारीख पडणं आणि निकाल लागणं यातला फरक सीमाभागातल्या माणसाला वेगळा सांगायला नको.

आता रोड रॅश. एक गुण, तिथंच. सगळ्यांना हवा आहे तो सायबर कॅफेतला, म्हणजे थ्रीडीओ या यंत्रावरच्या १९९४ च्या आवृत्तीवरून पुढं कॉम्प्युटरवर आलेला. त्यात साउंडगार्डनसारख्या बँडांची खरी गाणी आहेत, आणि प्रत्येक गाण्याचा परवाना वेगळा. गाण्यांचे परवाने संपल्यावर काय होतं ते ॲलन वेकनं दाखवलंय: मे २०१७ मध्ये विक्रीतून काढला, परवाने नव्यानं झाल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये परत. रोड रॅशसाठी एवढी खटपट कोण करणार? सेगाच्या मेगा ड्राइव्ह यंत्रावरच्या (अमेरिकेत त्याचंच नाव जेनेसिस) रोड रॅशमध्ये ही गाणी नाहीत, म्हणून तो सोपा. २०१९ च्या अमेरिकन जेनेसिस मिनीत रोड रॅश दोन होताच. परत आला तर तोच येईल, आणि मग 'आमचा हा नव्हे' म्हणून ओरड होईल.

आय.जी.आय.ची नोंद बंद. पहिला खेळ विकत मिळतो. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ओरिजिन्स या नव्या भागावर काम करणारा स्टुडिओ २०२३ मध्ये बंद झाला.

काँट्राला गुण द्यायची गरजच नाही, २०१९ चा संग्रह आहे, मार्च २०२४ चा ऑपरेशन गलुगा आहे. पण तक्रार येते ती 'नवीन काँट्रा जास्त पळतो' अशी. तो पळत नाही, आपला हळू होता. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रं. मूळ जपानी आणि अमेरिकन खेळ ६० चे. काडतुसाच्या यंत्रावर ६० साठी लिहिलेला खेळ ५० वर चालला की सगळंच सुमारे १७ टक्के मंद होतं, उडी, गोळी आणि संगीतसुद्धा. हाताला तोच वेग बसलाय. म्हणून नव्या संग्रहात पहिल्या पाच मिनिटांत तिन्ही जीव जातात. इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) सराव करायचा तर सेटिंगमध्ये प्रदेश आधी पाल आणि मग एनटीएससी, म्हणजे ६० ची पद्धत, करून फरक अनुभवा. मिनी यंत्र, म्हणजे जुन्या यंत्राची छोटी नवी आवृत्ती, विकत घेण्याआधीही हेच विचारा: २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिकमधल्या वीसपैकी नऊ खेळ ५० हर्ट्झचे होते, आणि लोक चिडले ते त्यावरूनच.

डक हंटबद्दल विचारणाऱ्यांना: जुनी बंदूक चपट्या टीव्हीवर चालत नाही. चित्रनळीवर चित्र ज्या क्षणी रंगतं तो क्षण ती पकडते. एलसीडीवर चित्र उशिरा आणि वेगळ्या तऱ्हेनं उमटतं. म्हणून तो परत येतो तेव्हा बंदुकीऐवजी दुसरं काहीतरी हातात देऊन येतो, जसा २०१४ मध्ये निन्टेंडोच्या वी-यू यंत्रावर आला.

जागरणाचं वेळापत्रक. अमेरिकेचं उन्हाळी घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. त्या काळात त्यांचा पश्चिम किनारा आपल्यामागं साडेबारा तास, एरवी साडेतेरा. जून २०२४ चं डायरेक्ट त्यांच्या सकाळी सातला होतं, आपल्या संध्याकाळी साडेसातला, जेवणाआधी आटोपणारं. फेब्रुवारी २०२३ चं मात्र आपल्या पहाटे साडेतीनला, आणि त्यातच मेट्रॉइड प्राइमची नवी आवृत्ती जाहीर होऊन लगेच विक्रीला लागली. स्टीम या ऑनलाइन दुकानातले बदल त्यांच्या सकाळी दहाच्या सुमारास होतात: इथं उन्हाळी साडेदहा, हिवाळी साडेअकरा रात्री. डिसेंबरातले गेम ॲवॉर्ड्स शुक्रवारी सकाळी सहा-साडेसहाला, चहाबरोबर. ई-थ्री हे जूनमधलं मोठं प्रदर्शन डिसेंबर २०२३ मध्ये कायमचं बंद झालं, त्यामुळं जूनच्या घोषणांचा भार समर गेम फेस्टवर. त्याची मुख्य सभा रात्री अडीचला. सप्टेंबरातला टोकियो गेम शो काही वर्षी गणपतीच्या आगेमागे येतो, तेव्हा बेळगावात अर्धी मंडळी विसर्जन मिरवणुकीमुळं जागीच असतात. निपाणी-चिकोडीकडच्यांनी त्या आठवड्याची पाळी घ्यावी.

पुढच्या फेरीसाठी नोंद टाकताना चार गोष्टी हव्यात: देश, अर्जाचा क्रमांक, वर्ग, आणि मंजुरीच्या सूचनेची तारीख. प्रमाणपत्र असेल तर मंडळाचं नाव आणि खेळ कुठल्या यंत्रासाठी दाखवलाय तेही. नुसता फोटो पाठवलात तर तो वाऱ्याच्या, म्हणजे अफवांच्या, पानावर जाईल. मुस्तफासाठी 'झेनोझोइक' आणि 'कॅडिलॅक्स' दोन्ही शब्दांनी वर्ग ९ आणि ४१ महिन्यातून एकदा बघायचे आहेत. अमेरिकेचं दप्तर अथणीवाल्यांकडे, जपानचं खानापूरवाल्यांकडे.