काकांच्या गाडीचा फॉर्म ३१

गेल्या सोमवारी काकांच्या मारुती ८००चं काम माझ्या टेबलावर आलं. काका म्हणजे आमचे मालक. १९८४ साली आमच्या जिल्ह्यात मारुतीची पहिली एजन्सी त्यांनी काढली. ते गेले त्याला दोन महिने झाले. गाडी आपल्या नावावर करून घ्यायला तीन महिन्यांच्या आत वारसाला फॉर्म ३१ भरावा लागतो. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, मुलांची ना-हरकत. बावीस वर्षं आरटीओची कामं करतोय, कागद हातातच बसलेत.

अर्जाला लागणारा चासी नंबरचा छाप मात्र मी कुणावर सोपवत नाही. बॉनेट उघडून नंबरावरचं तेल-धूळ बोळ्याने पुसायची, पातळ कागद ताणून धरायचा, मऊ पेन्सिल आडवी, हलक्या हाताने फिरवायची. कागद जरा सरकला तरी ३ चा ८ दिसतो आणि अर्ज परत येतो. नवी पोरं मोबाइलवर फोटो काढतात आणि मोकळी होतात.

छाप आरसीशी ताडून पाहताना तारखेवर नजर गेली. पहिली नोंदणी ऑक्टोबर १९८७. म्हणजे एजन्सी काढल्यावर तीन वर्षांनी? मी माळ्यावरची डिलिव्हरीची जुनी रजिस्टरं काढली.

ते दिवस आता कुणाला सांगून पटत नाहीत. १४ डिसेंबर १९८३ला दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिली. त्याआधीच लाखावर लोकांनी दहा-दहा हजार भरून नंबर लावले होते. गाडी हातात आली की 'ऑन', म्हणजे किमतीच्या वर जादा पैसे, घेऊन विकणारेही होते. काकांच्या तिसऱ्या रजिस्टरात एक डॉक्टर आणि एक ऊस बागायतदार यांच्यामध्ये त्यांचं स्वतःचं नाव सापडलं. अक्षर त्यांचंच. पावती नंबर, बुकिंगची तारीख, सगळं इतरांसारखं. बाकी प्रत्येक नावामागे 'श्री.' आहे, त्यांच्या नावामागे नाही.

सही घ्यायला घरी गेलो तेव्हा काकूंना विचारलं. म्हणाल्या, "आपलीच एजन्सी, एक गाडी दारात आणा म्हणून मी किती मागे लागले होते! तीन वर्षं लग्नकार्यांना स्कूटरवर मागे बसून गेले रे. म्हणायचे, आपला नंबर आला नाही अजून."

नंबर आला तेव्हा गाडी आणली, आणि ती कधी विकली नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंगला स्वतः घेऊन यायचे, ग्रीन टॅक्स भरायचे, बाकड्यावर इतरांसारखे बसायचे. पाच वेळा मीच त्यांचे कागद केले, पण पहिल्या नोंदणीची तारीख कधी वाचली नाही.

परत आलो तर टेबलावर एक फाइल होती. बुकिंग मार्चचं, गाडी एप्रिलमध्येच अलॉट, सोबत चाळीस हजारांच्या अॅक्सेसरीचं बिल. जानेवारीत बुकिंग केलेली माणसं अजून रोज फोन करतात. अशा फाइली मी आजवर मुकाट्याने पुढे पाठवल्या आहेत, आणि सेल्स मॅनेजरच्या मते त्यात वावगं काही नाही. काकांना हे कधी कळलं होतं का, हे आता विचारायलाही कुणी नाही.

फॉर्म ३१ मंगळवारी दाखल केला. ती फाइल अजून माझ्याकडेच आहे. मॅनेजरने दोनदा विचारलं.